एकीपुरती जागा

"मयत तुमची कोण?" दफनभूमीच्या कारकुनाने विचारलं.

आरोक्यमेरी जरा जाऊन येते म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात बाहेर पडली. तिच्यामागे छत्री उघडत भवानी निघाली. भवानी तिची समोरच्या दारातली शेजारीण, तंजावरकडच्या मराठी घरातली. नुंगंबाक्कमच्या त्या जुन्या इमारतीत एकमेकींकडे कढीपत्ता मागता मागता दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

आरोक्यमेरीच्या नवऱ्याची, सवरीमुत्तूची, कबर भिंतीच्या कडेला होती. दगडावर वर त्याचं नाव, खालचा अर्धा भाग कोरा. तो कोरा भाग आरोक्यमेरीचा. इथे नवी कबर खणायला आता जागाच उरली नव्हती. जुनीच उघडायची, तीही घरच्याच माणसासाठी, आणि एकदा उघडली की पुढची चौदा वर्षं तिला हात लावायचा नाही, असा नियम होता.

त्या जागेत आज विक्टोरियाला पुरायचं का, एवढाच प्रश्न होता. विक्टोरिया म्हणजे जिच्यासाठी सवरीमुत्तू घर सोडून गेला, ती. तो परत आला तो शवपेटीतून, आणि लग्नाची बायको म्हणून त्याला माती द्यायचा मान आरोक्यमेरीला मिळाला. भवानी त्याला मान म्हणायला कधीच तयार नव्हती.

विक्टोरिया काल गेली. तिची मुलगी स्टेल्ला सकाळपासून जिथे जाईल तिथून नकार घेऊन शेवटी आरोक्यमेरीच्या दारात उभी राहिली होती. रडली नाही. जागा द्याल का, एवढंच विचारलं, आणि नाही म्हणालात तरी मी समजू शकते, असंही म्हणाली. आरोक्यमेरी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. चपला घातल्या आणि निघाली.

"आधी नवरा दिला," भवानी मराठीत पुटपुटली, "आता त्याच्याजवळची जागाही दे."

दोघी बोलायच्या तमिळमध्ये, पण इतक्या वर्षांच्या शेजारानंतर आरोक्यमेरीला एवढी मराठी कळत होती. तिने नुसतं वळून पाहिलं. तेव्हा भवानीने उरलेलं तमिळमध्ये सुनावलं. आमच्यात बरं, राख होते, मागे जागेचं भांडण राहत नाही. आणि तू काही संत नाहीस. आरोक्यमेरीने ते लगेच कबूल केलं. विक्टोरियाच्या नावाने आपण प्रार्थना जास्त केल्या की शिव्या जास्त दिल्या हे देवालाच ठाऊक, पण बहुतेक शिव्याच पुढे असतील, असं म्हणाली.

मग ती कबरीकडे वळली.

"तुला विचारत नाही मी," ती दगडाला म्हणाली. "तू केव्हाच निवडून मोकळा झालास."

फाटकापाशी शववाहिनी उभी होती. कडुनिंबाची सावली सरकली होती आणि गाडीच्या मागच्या भागावर ऊन आलं होतं. स्टेल्ला ड्रायव्हरच्या काचेवर टकटक करत होती. गाडी जरा मागे घ्या, म्हणत होती. ड्रायव्हर वैतागला. आत बर्फासारखं गार आहे, पेटीला कसलं ऊन लागतंय, म्हणाला. तरी त्याने गाडी थोडी मागे घेतली. एका कोपऱ्यावर ऊन राहिलंच. स्टेल्ला तिथे जाऊन पाठ टेकून उभी राहिली. तिची सावली पत्र्यावर पडली. आतल्या आईला त्याचा काही उपयोग नाही, हे तिलाही कळत असणार.

आरोक्यमेरी बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग तरातरा ऑफिसात शिरली.

"बहीण," ती कारकुनाला म्हणाली. "धाकटी."

कारकुनाने पहिल्यांदाच नीट मान वर केली. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना घराघरातलं सगळं माहीत असतं. त्याने नात्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. फक्त हळू आवाजात नियम समजावला. अम्मा, मधल्या काळात तुमचं काही झालं तर तुम्हाला इथे जागा मिळणार नाही. आरोक्यमेरीने मान हलवली आणि सही केली.

बाहेर आल्यावर भवानीने तिला गाठलं.

"क्रुसाखाली बसून खोटं बोललीस."

"खोटं कुठे? दर रविवारी देवळात सगळ्यांना बहीण-भाऊ म्हणतेच की मी. आज पहिल्यांदा त्यावर सही केली."

 भवानीने छत्री आरोक्यमेरीच्या डोक्यावर सरकवली आणि स्वतः उन्हात चालायला लागली. मग म्हणाली, "चौदा वर्षं वनवासात काढली तेव्हा राम तरणा होता. तू सत्तरीची आहेस."

खणणाऱ्यांनी पहिलं फावडं मारलं. स्टेल्ला धावत आली. ती पाया पडायला वाकली. आरोक्यमेरीने तिचं कोपर धरून तिला मध्येच थांबवलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या आईने माझी जागा घेतली, म्हणजे आता चौदा वर्षं मला मरायची सोय नाही. सोमवारी रजा काढ आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात ने. मोतीबिंदू काढून घेते. एवढं जगायचं, तर नीट दिसायला हवं."