पाटीवरचा पत्ता

नवरा गेल्यावर महिन्याभरात धाकट्या दिराने तिला लग्नाच्या पोशाखांच्या दुकानातून बाहेर काढलं. “वहिनी, दुकान आमच्या घराण्याचं. उद्यापासून येऊ नका.” पाटीवरचा ईमेलचा पत्ता मात्र तिच्या नावावरच्या डोमेनचा होता, ते तिनेच हौसेने विकत घेतलेलं. नवऱ्या वेळ ठरवायला त्यावरच मेल करत, आणि ते मेल दिराच्या फुकटच्या खात्यात जायचे. तशी सोय तिनेच केली होती. बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून तिने ते स्वतःच्या फुकटच्या खात्याकडे वळवले. मेल लिहिणाऱ्या प्रत्येक नवरीला तिने खरं तेच कळवलं: दुकान सोडलं, शिवते मीच, इकडे या. ऐन हंगामात दुकानात चिटपाखरू फिरकेना, तेव्हा दिराचा फोन आला. “वहिनी, मेलच येत नाहीत. जरा बघता का?” “काही बिघडलेलं नाही, भावोजी. पाटी तुमची, पत्ता माझा.” तो गयावया करू लागला. तिने चालू फोन शेजारी ठेवला आणि मशीन भरधाव सोडलं.