कण्या

गिरणीतल्या गोऱ्या इंजिनियरची मडम विलायतेहून सोलापुरात राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी छत्री उगारून बंगल्यामागच्या माळ्याच्या खोलीत घुसली. आतून फटाफट आवाज येत होता. माळी बायकोला बडवतोय, असं तिला वाटलं. बघते तर माळ्याची बायको बजाबाई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि धोंडीराम माळी कोपऱ्यात विडी ओढतोय. मडम लाजून हसली. बजाबाईही पदर तोंडाला लावून हसली. तेव्हापासून आवाज आला की मडम खिडकीतूनच हसून मान डोलवायची.

महिन्याभरानं एका सकाळी कालवणात मीठ जास्त झालं, म्हणून धोंडीरामनं बजाबाईच्या थोबाडात चार सणसणीत ठेवून दिल्या. तिनं खिडकीकडं पाहिलं. मडमेनं तिकडून हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी धोंडीरामच्या ताटात जोंधळ्याच्या कण्या आल्या.

"भाकर कुटं हाय?"

बजाबाईनं सुजलेल्या गालावरचा पदर मागं सारला.

"भाकर बंद. मडमेला कण्यांचं पातेलं दावून आलीया. आता हितनं आवाज आला, तर तो भाकरीचा न्हवं."