शेवटच्या खिडकीतला शिपाई

शिरूर अनंतपाळचं तळं दुष्काळात आटलं, तेव्हा फिरत्या टॉकीजवाल्यानं तळ्यातच तंबू ठोकला. पडदा मधोमध. पुढं गडी, मागं बाया. मागून चित्र उलटं दिसायचं. प्रेम मागं ठेवून लढाईवर निघालेला नायकसुद्धा डाव्या हातानं सलाम ठोकायचा.

पंचशीलाचा नवरा निवृत्ती अकरा वर्षांपूर्वी लढाईत बेपत्ता झाला होता. तो मेला, असं लिहिलेल्या कागदावर उद्या तिला लातूरला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत सही करायची होती.

पडद्यावर गाडी सुटली. डब्यातले सगळे शिपाई डाव्या हातानं सलाम करत होते. शेवटच्या खिडकीतला एकच उजव्या हातानं.

सिनेमा सुटल्यावर दीर भीमा म्हणाला, “वैनी, सकाळची पहिली यष्टी धरू. सही करून टाका.”

“भाऊजी, शेवटच्या खिडकीतला शिपाई बघितला का?”

“हाव की! लई येडा. सगळे आमच्याकडं तोंड करून सलाम करून राहिले, अन् ह्यो पाठ करून.” भीमा हसला. “बायांकडं बघून राहिला असंल!”

पंचशीला हसली नाही. टँकर आला म्हणून बाया केव्हाच घागरी घेऊन पळाल्या होत्या. गाडी सुटली तेव्हा पडद्यामागं ती एकटीच होती.