आठ व्हॉल्व्ह

"अहो, प्लंबरला बोलवा," बायको तिसऱ्यांदा म्हणाली. नव्या किचनसाठी जुनं सिंक काढायचं होतं. तेवढ्यासाठी मी, निवृत्त इंजिनिअर, प्लंबर बोलावणार?

आधी तिला सुरक्षिततेवर भाषण दिलं. गॅस आणि मेन स्विच बंद केले. गच्चीवर जाऊन टाकीखालच्या आठ व्हॉल्व्हपैकी आमचा ओळखून घट्ट आवळला. नळ उघडून खात्री करायची गरज वाटली नाही. गॉगल लावला आणि नळ उपटला.

फवारा थेट गॉगलवर आला. पाइप दोन्ही तळव्यांनी दाबत मी ओट्यावर आडवा झालो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या ढवळेवहिनी होत्या, डोक्यावर शाम्पूचा फेस.

"अहो, आमचं पाणी गेलंय. तुमच्याकडे येतंय का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"भरपूर," ती म्हणाली, "बादली घेऊनच या."