शेवटचं धुराडं

बकरी पुन्हा पडली.

“आता काय चुकलं?” ताईंनी विचारलं.

चिकट्यानं कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि बोटं मोडली. हातात घेतलेला खेळ पार केल्याशिवाय तो उठत नसे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं आणि म्हणूनच खेळ तपासायच्या कामावर ताईंनी त्याला घेतलं होतं. त्यांच्या खेळात एक बकरी धुराड्यांवरून उड्या मारत कुरणाकडे निघते. शेवटच्या धुराड्यापाशी ती चिकट्याच्या हातून रोज पडत होती.

“उडी वेळेवर मारली, ताई. पोचतच नाही.”

“वेळेवर मारली असतीस तर पोचली असती.”

ताई कडक होत्या, पण लबाड नव्हत्या. खेळातली प्रत्येक उडी त्यांनी स्वतः आखली होती. पडल्यावर ‘माझंच चुकलं’ असं वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग माणूस स्वतःला शिव्या घालतो, हसतो आणि पुन्हा खेळतो. ‘खेळानं फसवलं’ असं एकदा वाटलं की तो परत फिरकत नाही.

आज खेळ बाजारात जायचा होता. नाही चालला तर या दोन खोल्यांना कुलूप लागणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघंही पार पिचून गेली होती. टेबलावर कालचे कप तसेच पडले होते.

तिसरा म्हणजे ताईंचा नवरा. प्रोग्रॅम लिहायचं काम त्याचं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खेळाची नवी प्रत दोन्ही मशीनवर तोच चढवायचा. गेल्या वर्षी ताईंचं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं तरी बोटं ऐकेनात, ताई रडायच्या. तेव्हा केस विंचरून देण्यापासून सगळं त्यानंच केलं. माणूस अगदी गरीब गाय.

“थोडी मदत घालूया का?” तो आता म्हणाला. “उडी जराशी कमी पडली तर सावरून घ्यायची. खेळणाऱ्याला कळणारही नाही.”

“कळतं,” ताई म्हणाल्या. “फुकटात जिंकलं की ज्याचं त्याला कळतं. मग कसली मजा?”

“सगळ्यांनाच नाही कळत गं.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

ताई आपल्या मशीनवर बसल्या. त्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. बकरी धावली, उडाली आणि शेवटच्या धुराड्यावर अलगद उतरली. पहिल्याच खेपेला, रोजच्यासारखी.

“बघितलंस? या मोडक्या हातानं जमतंय. तुला मात्र नाचता येईना, अंगण वाकडं!”

हे चिकट्याला लागलं. इतके दिवस पडून पडून त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडाला होता.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं, ताई,” तो म्हणाला. “हे काम माझं नाही. मी उद्यापासून येणार नाही.”

नवरा टेबलावरचे कप गोळा करू लागला. ताईंनी काहीही न बदलता खेळ पाठवून दिला. बटण त्यांनीच दाबलं.

मग ताईंचा राग उतरला. चिकट्या पाठीला पिशवी लावून दाराशी उभा होता. त्याला तसं बघून ताईंना फार वाईट वाटलं.

“ये, बस. आज माझ्या मशीनवर खेळ. कुठं चुकतं ते मी दाखवते. असा हरून नको जाऊस.”

“अगं, दमलाय तो,” नवरा घाईनं म्हणाला. “जाऊ दे ना घरी.”

“तू गप रे.”

चिकट्या बसला. मन नव्हतंच त्याचं. शेवटच्या उडीला त्यानं बटण उशिरा दाबलं. ही उडी कमी पडणार, हे त्याला दाबतानाच कळलं.

बकरी शेवटच्या धुराड्यावर अलगद उतरली.

ताईंनी त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला. त्याच्याहून वाईट उडी मारली, मुद्दाम. बकरी पोचली.

त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता.

“ती मदत फक्त तुझ्याच मशीनवर घातली होती, हात बरा होईपर्यंत,” तो म्हणाला. “मग काढायचा धीर झाला नाही.”