डाव्या पायातली चप्पल

"धन्या, दहाचा पाना दे रे. दोन मिनिटांत देतो."

"आधी चप्पल काढ. डावी."

सलीमनं शिवी हासडली, पण चप्पल काढून दिली.

धनाजीनं स्वतः घेतलेला पान्यांचा सेट या गॅरेजमध्ये दोन महिन्यांत अर्धा झाला होता. आपला पाना कुणाच्या हातात आहे ते बघत त्याची मान दिवसभर गरगर फिरायची, समोरच्या गाडीत लक्षच लागायचं नाही. म्हणून सोमवारपासून हा नियम. पाना परत, तर चप्पल परत. ऑइल सांडलेल्या फरशीवर एक पाय उघडा टाकून कोण किती वेळ फिरणार? पाने पटापट परत यायला लागले.

आज हणमंत मिस्त्री आले. धनाजीला पाना धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चप्पल काढली, धनाजीच्या पान्यांच्या पेटीशेजारी ठेवली आणि पाना घेऊन गेले.

धनाजीला बसवेना. बोल्ट दोनदा हातातून निसटला. शेवटी चप्पल उचलून तो धावला आणि त्यांच्या पायाशी ठेवत म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला नाही हो नियम. घाला."

मिस्त्रींनी पाय घातला, तेवढ्यात मागून सलीम ओरडला, "मग आमचीपण दे की! आम्ही काय पाप केलंय?" सकाळीच पाना नेलेला दुसरा मेकॅनिक अविनाश तर हसत आपली चप्पल घ्यायला पेटीकडे निघालासुद्धा.

मिस्त्रींनी चप्पल पुन्हा काढली आणि धनाजीकडे सरकवली.

"जा, ठेव तिथंच. मला सोडलंस, तर संध्याकाळपर्यंत तुझी पेटी रिकामी."