फक्त रंग राहिलाय

"फक्त रंग राहिलाय," सयाजीने फोनवर सांगितलं, आणि मागच्या शनिवारीही आपण हेच सांगितलं होतं हे त्याला सांगता सांगताच आठवलं.

पलीकडे सुनयना होती. तब्येत कशी, जेवलात का, असलं काही विचारायच्या आधी ती नेहमी रंगाचंच विचारायची. मग लांब श्वास सोडून म्हणाली, "असू दे. घाई करू नका. घाईत बिघडतं काम."

बायकोचा तो श्वास सयाजीच्या कानात राहिला. किती वाट बघतेय बिचारी! बूथवरून तो ऐरोलीच्या आपल्या बैठ्या घरात आला, कुकरमधला सकाळचा भात तसाच गार खाल्ला आणि रेडिओ लावला. ऐकायला नव्हे. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

खरं तर गाडीनेच त्याच्या संसारात पाचर मारली होती. सयाजी कारखान्यात टर्नर. हातात कसब आणि डोक्यात एकच खूळ, स्वतःच्या हाताने गाडी बांधायची. दोघांपुरती, बुटकी, बिनटपाची, कुठल्याशा परदेशी मासिकातल्या चित्रासारखी. भंगारातल्या फियाटचं इंजिन आणलं, चासी स्वतः वेल्डिंग केली, फायबरची बॉडी पुण्याच्या एकाने तुकड्यातुकड्यांत पाठवली. वर्षं गेली. गिअरबॉक्स स्वयंपाकाच्या ओट्यावर, बॉनेट पलंगाखाली, आणि सुनयनाच्या साड्यांना रॉकेलचा वास. तिने आधी चेष्टा केली, मग कटकट केली, मग बोलायचंच सोडलं. एकदा ती तापाने फणफणली, तेव्हा हे महाशय कुर्ल्याच्या भंगारात कार्बुरेटर शोधत हिंडत होते. ताप उतरल्यावर तिने बॅग भरली.

कामोठ्याहून तिचा भाऊ न्यायला आला. तो रिक्षापाशी खोळंबलेला, आणि इकडे दारात सयाजीने तिचा हात धरलेला. परत कधी येशील ते सांगून जा, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हात काही सोडेना.

"गाडी तयार झाली की या न्यायला," शेवटी ती म्हणाली. "तिच्यातच बसून येईन. शब्द आहे माझा."

आता सुनयनाचा शब्द म्हणजे काय, ते सयाजीला विचारा. शेजारणीला हो म्हणून बसली, म्हणून अंगात कणकण असताना परक्या घरच्या करंज्या तळून आलेली बाई ती. मोडणार नाही म्हणजे नाही. त्या एका वाक्यावर सयाजी जगत होता.

वर्षानुवर्षं रेंगाळलेलं काम त्याने मग झपाट्याने उरकलं. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागले. बॉडीचं फिनिशिंग आणि रंग तेवढा उरला. त्यासाठी नुसती बॉडी कळंबोलीच्या तबरेज पेंटरकडे दिली. तबरेजचा हात अगदी साफ. शिवाय त्याचं गॅरेज कामोठ्याहून चालत जाण्यासारखं. सयाजीने मुद्दाम सुनयनाला निरोप धाडला, रंग तुझ्या पसंतीचा, जाऊन बघून ये. आणि ती खरोखरच गेली. निळा निवडून आली. त्या दिवशी सयाजी लेथवर उभा राहून शीळ घालत होता.

पुढे तबरेजची रडगाणी सुरू झाली. कधी फायबरला फुगे आले, कधी कॉम्प्रेसर बंद, कधी हवेत दमटपणा. पाऊस सरला, थंडी पडली, तरी याची हवा आपली दमटच! सयाजी दर रविवारी जायचा, कटिंग चहा प्यायचा आणि पुढच्या आठवड्याचा वायदा घेऊन परत यायचा. अंगणात उघडीवाघडी चासी उभी असायची. एकटेपणा इतका अंगावर यायचा, की तो तिच्याशीच बोलत बसायचा. आज आमटी खारट झाली, वगैरे.

त्या फोननंतर मात्र त्याचं डोकं फिरलं. बुधवारी रजा टाकली आणि न कळवता त्याने कळंबोली गाठली. तबरेज त्याला बघून चपापला. आज कसे काय, म्हणत आडवा आला. सयाजी त्याला बाजूला सारून थेट आत गेला आणि बॉडीवरची चादर ओढली.

पुट्टी घासून गुळगुळीत झालेली. प्रायमर कधीचा मारलेला. फुगा औषधालाही नाही. चादरीखाली शिरलेली धूळ सगळीकडे बसली होती, आणि फळीवर निळ्या रंगाचे डबे होते, झाकणं न उघडलेले.

मग सयाजीचा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलला. मी तिकडे एकटा भिंतींशी बोलतोय आणि तू मला हवेच्या गोष्टी सांगतोस? उद्याच टेम्पो आणतो आणि गाडी दुसरीकडे रंगवून घेतो, असंही बजावलं. तबरेज मान खाली घालून ऐकत राहिला. हातातला फडका तेवढा पिळत होता.

"काय वाईट केलं रे मी तुझं?" सयाजीने विचारलं. "दोन हात मारले असतेस तर बायको घरी आली असती माझी."

तबरेजने स्टूल पुढे ओढलं आणि त्याला खांद्याला धरून बसवलं.

"सयाजीराव, तुमची गाडी दसऱ्यालाच रस्त्यावर आली असती," तो म्हणाला. "पण वहिनी येतात दर सोमवारी. हात जोडतात. म्हणतात, भाई, मी त्यांना शब्द देऊन बसलेय, तुम्ही तेवढा रंग लावू नका."